हसून भेटायचा रविवार

चारुवहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, हे तुम्हीच लिहा. मी सांगायला लागले की लोक हसतात. तुम्हाला आजवर कुणाला हसवता आलेलं नाही."

हे खरंच आहे. कुवेतच्या आमच्या मंडळात मी इतकी वर्षं सतरंज्या घातल्या, गुंडाळल्या, पण माईक कधी हातात धरला नाही. लिहिलं ते कंपनीत नकाशे काढताना, त्यांच्या कोपऱ्यातल्या सूचनांपुरतं. तेव्हा हे कसं उतरेल, सांगता येत नाही. मंडळाच्या अंकात छापायचं म्हणजे ज्यांनी वहिनींच्या गोष्टी ऐकल्या तेच वाचणार, आणि वहिनींना नेमकं तेच हवं आहे.

चारुशीलावहिनी म्हणजे माझा कंपनीतला मित्र सुधीर याची बायको. सुधीर जाऊन बरीच वर्षं झाली. वहिनी आता फिंतासला मुलाकडे राहतात, आमच्याच इमारतीत, एक मजला वर. मुलगा निखिल मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत इंजिनिअर आहे. सून उल्का एका फार्मसीत काम करते. नात ओवी अकरा वर्षांची. तिच्याशी मराठीत बोललं की ती इंग्रजीत उत्तर देते, आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नाही.

वहिनी चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत. अजूनही खुर्चीत पाठ न टेकता बसतात. जेवताना डावा हात ताटाभोवती असतो आणि ताट आमच्या सगळ्यांच्या आधी रिकामं होतं, इतकं स्वच्छ की सुधीर म्हणायचा, "हिचं ताट घासायचं नाही, नुसतं मांडणीवर ठेवायचं." ही बोर्डिंगची सवय, असं त्या स्वतःच हसत सांगायच्या.

त्यांच्या बोर्डिंगच्या गोष्टी मंडळात प्रसिद्ध आहेत. नव्या लोकांसाठी थोडक्यात सांगतो. कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी मुलींची निवासी शाळा होती. तिथे मुख्य बाई होत्या, त्यांना सगळ्या 'मोठ्या बाई' म्हणत. दुसरं महायुद्ध संपल्यावर त्या विलायतेला गेल्या आणि तिथल्या एका मुलींच्या शाळेत दोन वर्षं राहून शिस्त शिकून आल्या. त्या वेळी तिकडे अन्नाची टंचाई, कोळशाची टंचाई. त्यामुळे ताटात शीत राहू द्यायचं नाही, गार पाण्याने अंघोळ, आठला दिवे बंद, आणि थंडीसाठी गुडघ्यापर्यंत लोकरीचे मोजे. मोठ्या बाईंनी हे सगळं जसंच्या तसं कोकणात आणलं. मोज्यांसकट.

"मे महिना!" वहिनी सांगायच्या. "अंगाला सदरा चिकटतोय, आणि आम्ही लोकरीचे मोजे घालून टाचा जुळवून उभ्या! बाई मोजे वर ओढून बघणार. खाली आला की छडी. संध्याकाळी मोजे काढले की पायावर घामोळ्याचे पण मोजे!"

मग बाईंचा आवाज काढायचा: "गर्ल्स, टाचा! टाचा!" नाचणीच्या आंबिलीला पॉरिज म्हणायची सक्ती. रोज मुशी माशाच्या तेलाचा एकेक चमचा, आणि शाकाहारी घरच्या मुलींना "हे औषध आहे, मासा नाही" असं समजावणं. हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी यायचं. मीही हसायचो. आणि शेवटी कुणीतरी ओरडायचं, "टोपीवाली! वहिनी, टोपीवाली सांगा!"

ती गोष्ट अशी. बोर्डिंगमध्ये एक लहान मुलगी होती. तिला वाटायचं आपण पहारेकरी आहोत. डोक्यावर मोठी पांढरी टोपी घालून ती तासन् तास अंगणात उभी. पाऊस आला तरी हलायची नाही. कुणी विचारलं, "कुणावर पहारा गं?" की म्हणायची, "मोठ्या बाई पळून जाऊ नयेत म्हणून!" इथे वहिनी एक सलाम ठोकायच्या आणि टाळ्या पडायच्या.

या वर्षी जानेवारीत मंडळाची सहल खैरानला गेली होती. समुद्राकाठचं एक शॅले, म्हणजे सुट्टीचं घर, भाड्याने घेतलं होतं. थंडी चांगली होती, शेकोटीवर कणसं भाजत होती. वहिनींनी टोपीवाली सांगितली, सलाम ठोकला, लोक हसले. ते हसणं ओसरायच्या आत निखिल उठून उभा राहिला.

"आता एक बातमी. जूनपासून ओवी पण बोर्डिंगला जातेय. घाटावर मुलींची निवासी शाळा आहे, जागा मिळाली."

लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. निखिल पुढे म्हणाला, "आमच्या शिफ्ट, हिची फार्मसी. पोरगी दिवसभर टॅबलेटवर. माझी नोकरी इथे किती वर्षं आहे तेही कुणाला माहीत नाही. त्यापेक्षा आत्ताच तिकडे रुळू दे. आणि आमची आई बघा की. बोर्डिंगनेच घडवली ना तिला?"

"आजी, विल देअर बी सॉक्स?" ओवीने विचारलं. सगळे खदखदून हसले.

वहिनींचा हात अजून सलामासाठी कपाळाजवळ होता. तो त्यांनी हळूच खाली घेतला. त्या हसत होत्या, पण चेहरा कुणीतरी धरून ठेवल्यासारखा.

परतल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्या फिंतासच्या किनाऱ्यावर भेटल्या. संध्याकाळी आम्ही काही म्हातारी माणसं तिथे चालतो. त्या बाकावर बसून फोन लावत होत्या. कानाने कमी ऐकू येतं म्हणून त्या नेहमी स्पीकर चालू ठेवतात. मी शेजारी टेकलो होतो, उठायला लागलो तर हातानेच 'बसा' म्हणाल्या.

फोन देवरुखला होता, धाकट्या बहिणीला, मालनला. या बहिणीबद्दल मी इतक्या वर्षांत दोनतीनदाच ऐकलं होतं.

"काय ताई? आज कशी आठवण?"

"मालू, निखिल ओवीला बोर्डिंगला ठेवतोय."

"बरं मग?"

"तू त्याला सांग ना गं. मावशीचं ऐकेल."

पलीकडे भांड्यांचा आवाज होत होता, तो थांबला. "मी काय सांगू? तूच सांग. तुला छान सांगता येतं. बाबा किती हसायचे!"

आणि फोन बंद.

वहिनी समुद्राकडे बघत बसल्या. भरती होती. मग माझ्याकडे न बघता त्यांनी मला जे सांगितलं ते आधी त्यांनी कुणालाही सांगितलेलं नव्हतं, सुधीरलाही नाही.

बोर्डिंगमध्ये महिन्यातून एका रविवारी आईवडील भेटायला येत. भेटीच्या खोलीत मोठ्या बाई कोपऱ्यात विणकाम घेऊन बसत. नियम एकच होता: हसून भेटायचं. जी मुलगी रडेल तिची पुढची भेट बंद. तिच्या वडिलांना फाटकातूनच सांगायचे, मुलगी अभ्यासात आहे, परत जा. दहा वर्षांच्या चारूने पहिल्या रविवारी डोळे पुसले होते आणि पुढचा रविवार गेला होता. तिसऱ्या रविवारी तिने युक्ती शोधली. बाबा आले की आपणच बोलत सुटायचं, गमती सांगायच्या. मोज्यांची गंमत, पॉरिजची गंमत. बाबा हसले की आपल्यालाही हसू येतं आणि वेळ निघून जाते.

"ह्या सगळ्या गोष्टी मी तेव्हा केलेल्या आहेत, भाऊजी," त्या म्हणाल्या. "त्या खोलीत, बाईंच्या सुयांच्या आवाजात. तुम्ही सगळे हसता तिथेच बाबा हसायचे."

बाबांनी त्या गोष्टी गावभर सांगितल्या. थोरली इतकी आनंदात आहे म्हटल्यावर पुढच्या वर्षी धाकटीलाही आणून सोडलं. मालन आठ वर्षांची होती.

"आणि मालन…" एवढं बोलून त्या थांबल्या. पदर नीट केला. "चला, अंधार झाला."

"निखिलला हे सांगा," मी म्हणालो.

"सांगते. आजच सांगते."

त्यांनी सांगायचा प्रयत्न केला. त्याच शुक्रवारी त्यांनी मला मुद्दाम जेवायला बोलावलं होतं, कदाचित धीर यावा म्हणून. पुरणपोळी होती. ओवी बाल्कनीत तिच्या लव्हबर्ड्सपाशी. शुक्रवारच्या बाजारातून आणलेली ती जोडी, एक निळा, एक हिरवी. ओवी शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी बाल्कनीत. रात्री पिंजऱ्यावर दुपट्टा घालायचा तो तिनेच.

वहिनी म्हणाल्या, "निखिल, बोर्डिंगचं एक सांगायचंय. भेटीच्या रविवारचं."

"हां आई! हे नवीन आहे. उल्का, ये गं, ऐक."

"मोठ्या बाई कोपऱ्यात विणत बसायच्या. आणि आम्हाला रडायची बंदी."

"म्हणजे कसं?"

वहिनींनी तोंड उघडलं आणि काय झालं मला कळलं नाही. त्यांचा तोच नेहमीचा आवाज लागला. "म्हणजे असं की," त्या म्हणाल्या, "एखादीचा ओठ थरथरला की बाईंची सुई वर! आणि सुई वर गेली की आमचे दात बाहेर!" आणि त्यांनी दात दाखवले.

निखिल हसता हसता पोळीवर वाकला. "कमाल आहे! सुई वर, दात बाहेर! आई, हे तू पुढच्या कार्यक्रमात सांगच."

उल्काही हसली. वहिनी उठून तुपाचं भांडं आणायला आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. मी मान खाली घालून जेवत राहिलो. त्यानंतर त्यांनी आणखी दोनदा प्रयत्न केला, असं पुढे मला सांगितलं. दोन्ही वेळा असंच. "तोंडाला दुसरं वळणच नाही," त्या म्हणाल्या.

जूनमध्ये उल्का ओवीला सोडून आली. इथे तेव्हा धुळीचे दिवस चालू होते, खिडक्यांच्या फटींना ओले टॉवेल लावलेले. लव्हबर्ड्सचा पिंजरा बाल्कनीतून आत, एसीखाली आणून ठेवला होता. त्यांना दाणे वहिनी घालत.

त्या शाळेत मुलींना आठवड्यातून एकदा, रविवारी, वसतिगृहाच्या फोनवरून घरी बोलू देत. इथे रविवार कामाचा दिवस. निखिलला प्लांटमध्ये फोन नेता येत नाही, म्हणून तो त्या वेळी कँटीनमध्ये येऊन बसायचा. संध्याकाळी जिन्यात भेटला की खुशीत सांगायचा, "काका, ओवी मस्त रुळली. काय काय सांगते! वॉर्डन घोरते म्हणे, तर मुलींनी त्याचं गाणं केलंय. आणि चक्क मराठीत बोलते!"

ऑगस्टमधल्या एका रविवारी निखिलची रात्रपाळी होती, त्यामुळे दुपारी तो घरीच होता. मी माझ्या औषधांबद्दल उल्काला विचारायला वर गेलो होतो. ती यायची होती, म्हणून बसलो. तेवढ्यात फोन वाजला. निखिलने स्पीकर चालू केला.

"हॅलो बाबा! ऐका ना, काल काय झालं!"

ओवी सुरू झाली. पोह्यांचा गोळा इतका घट्ट की एकीने तो भिंतीवर मारला आणि तो परत आला. वॉर्डन टूथब्रश मोजते, एक कमी निघाला तर सगळ्या मुलींनी दात दाखवायचे. तिच्या खोलीतली मुलगी झोपेत हिशोब करते, तेही चुकीचे. एक गंमत संपते न संपते तोच दुसरी. निखिल मांडीवर थाप मारून हसत होता. मलाही हसू आलं.

वहिनी पिंजऱ्यापाशी उभ्या होत्या, दाण्यांची वाटी हातात. त्या हसत नव्हत्या. मान एका बाजूला करून ऐकत होत्या, जसं एखादी बाई दुसऱ्याच्या स्वयंपाकघरातून येणारा आपल्या फोडणीचा वास ओळखते तसं.

त्या फोनजवळ आल्या.

"ओवी, मी आजी."

"आजी! तुला सांगू का, आमची वॉर्डन…"

"ते राहू दे. तू तुझ्या पक्ष्यांचं काही विचारलं नाहीस."

एसीचा आवाज येत होता.

"दोन महिन्यांत एकदाही विचारलं नाहीस गं. हिरवीने अंडी घातलीत."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला, मग आणखी एक, आणि मग दूरवरून एका बाईचा आवाज, "काय झालं? टाइम संपला." फोन बंद झाला.

निखिल म्हणाला, "आई! चांगली बोलत होती ती. तू कशाला मध्येच पक्ष्यांचं काढलंस? रडवलंस तिला."

"तिला घेऊन ये, निखिल."

"काय?"

"घरचं काही विचारायचं नाही. विचारलं की रडू येतं. मी पण आईचं कधी विचारलं नाही. आमची गाय व्यायली होती, तिचंही नाही. नुसत्या गमती सांगायच्या. उद्याच्या विमानाने जा आणि घेऊन ये."

"आई, तू स्वतः…"

"बस खाली. टोपीवाल्या मुलीचं सांगते."

"ते ऐकलंय गं शंभरदा."

"नाही ऐकलंस."

त्या उभ्याच होत्या. वाटी दोन्ही हातांनी धरलेली. आवाज अगदी सपाट होता, शाळेत पाठ म्हणून दाखवावं तसा.

"ती मालन होती. तुझी मावशी. आठ वर्षांची. तिथे आल्यापासून रात्री अंथरूण ओलं करायची. शिक्षा अशी होती की चादर स्वतः धुवायची आणि ती डोक्यावर घेऊन अंगणात उभं राहायचं, वाळेपर्यंत. श्रावण होता. कोकणात श्रावणात चादर वाळत नाही. ती दिवसभर उभी असायची. अशाच एका भेटीच्या रविवारी बाबा आले. बाईंनी तिला मागच्या अंगणात नेऊन उभं केलं, भिंतीच्या पलीकडे. बाबांनी मला विचारलं, मालू कुठे आहे? बाईंच्या सुया थांबल्या. मी म्हटलं, मालू ना, ती पहारेकरी झालीय! मोठी पांढरी टोपी घालून उभी असते! बाबा इतके हसले. खूप मोठ्याने हसायचे ते. भिंतीपलीकडे तिला ऐकू गेलं. बाबा आले आणि हसून निघून गेले, हे तिला ऐकू गेलं."

निखिलने हातातला फोन खाली ठेवला.

"त्यानंतर तिने बाबांकडे कधी काही मागितलं नाही. माझ्याकडेही नाही. आणि मी ती गोष्ट घरी सांगितली, सासरी सांगितली, इथे माईकवर सांगितली."

"मग इतकी वर्षं आम्हाला हसवलंस कशाला?" निखिलचा आवाज चढला. "मी ओवीला तुझ्या गोष्टींवर पाठवलं, आई! लहानपणापासून ऐकत आलो. मला वाटलं, तू… मला वाटलं तुला ते आवडायचं!"

"बाबांनाही तेच वाटलं," वहिनी म्हणाल्या.

तो उठून आत गेला आणि दार लावून घेतलं. मला तिथे बसणं अवघड झालं होतं, पण उठणंही जमेना. बऱ्याच वेळाने दारामागून त्याचा फोनवरचा आवाज आला. साहेबाकडे रजा मागत होता. घरी अडचण आहे, एवढंच सांगत होता.

आठवड्याच्या आत ओवी परत आली. त्या शाळेबद्दल मी काही लिहीत नाही. ती वाईट होती की नुसती कडक होती, मला माहीत नाही. निखिलने विचारलं तेव्हा ओवी म्हणाली, "इट वॉज ओके." उल्काने विचारलं तेव्हाही तेच. इथल्या शाळेत पुन्हा जागा मिळायला धावपळ झाली, वर्ष अर्धं वाया गेलं. निखिल बरेच दिवस आईशी कामापुरतं बोलत होता. अजूनही त्याचं पूर्वीसारखं नाही. ओवी पिंजऱ्यासमोर फरशीवर बसून असते. अंड्यांतून एकच पिल्लू निघालं होतं.

कोजागरीला मंडळाचे लोक इमारतीच्या गच्चीवर जमले. दुधाचे पेले फिरले आणि कुणीतरी म्हणालं, "ए ओवी, तू पण आता आजीसारखी! होस्टेलच्या गमती सांग की!"

ओवी उठली. टाचा जुळवल्या. "काय झालं माहितेय, आमचे पोहे…"

"ओवी." वहिनी खुर्चीतूनच म्हणाल्या. "खाली बस."

"व्हाय? आय वॉज गोइंग टु टेल अ फनी वन."

"म्हणूनच. ह्यांना हसवायचं काम आपलं नाही. इथे ये."

कुणाला काही कळलं नाही, काहींना वाईटही वाटलं असेल. ओवी आजीच्या खुर्चीशेजारी जाऊन उभी राहिली आणि थोड्या वेळाने तिने तोंड आजीच्या खांद्यात लपवलं. त्या रात्री टोपीवालीची फर्माईश आली नाही.

खाली उतरताना जिन्यात वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, पाच मिनिटं थांबा." आणि तिथेच, पायरीवर बसून, त्यांनी देवरुखला फोन लावला. नेहमीसारखा स्पीकरवर.

"काय ताई?"

"मालू, मी निखिलला सांगितलं."

"काय सांगितलंस?"

"सगळं."

"टोपीचं?"

"टोपी नव्हती, असं सांगितलं. चादर होती, असं सांगितलं. आणि बाबा हसले ते तुला ऐकू गेलं, तेपण."

मला वाटलं फोन तुटला. वहिनींनी पडद्याकडे पाहिलं. आकडे पुढे सरकत होते.

"तो हसला का?" मालनताईंनी विचारलं.

"नाही."

"बरं."

मग दोघी गप्प झाल्या. पण या वेळी मालनताईंनी फोन ठेवला नाही, वहिनींनीही नाही. जिन्यातला दिवा आपोआप विझला. मी हात हलवून तो परत लावला, आणि खालच्या पायरीवर बसलो.